हाक आणि मैफल : आपद्ग्रस्तांसाठी गायिलेल्या गाण्याचा विचार

१

पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, नंदाखाल, राजोडी, आगाशी या गावांच्या शेजारी, वटार हे गाव आहे. केळीच्या वाड्या, फुलझाडे, भाजीपाला आणि या साऱ्यांना पाणी पुरविणारी बावखले ही या पट्ट्याची जुनी ओळख. १७ मे २०२१ रोजी तौक्ते नावाचे चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. वसईच्या पट्ट्यात केळीच्या बागा आडव्या झाल्या, झाडे उन्मळली, विजेचे खांब कोसळले. वादळ जमिनीवर आले ते गुजरातेत, त्यामुळे बातमीचा केंद्रबिंदू तेथे राहिला. मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडून अनेकांचे प्राण गेले आणि उरलेले लक्ष स्वाभाविकपणेच तिकडे वळले. मोडलेल्या केळीबागेचा मालक या दोन मोठ्या बातम्यांच्या मधल्या सांदीत राहिला.

अशा वेळी गावाच्या वतीने कोणी गावे आणि ऐकणाऱ्यांनी द्यावे, हा मार्ग आपल्याकडे नवा नाही. पूर, दुष्काळ, भूकंप यांच्या पाठोपाठ साहाय्यार्थ मैफली होतात, नाटकांचे प्रयोग लागतात, विद्यार्थी डफ-पेटी घेऊन फेरी काढतात. या सर्व प्रकारास प्रस्तुत लेखात 'साहाय्यगान' असे नाव दिले आहे. त्याचा विचार आजवर प्रायः समाजकार्याच्या अंगाने झाला आहे. किती रक्कम जमली, कोणी दिली, कोणाच्या हस्ते पोहोचली, एवढ्यावर वृत्तान्त संपतो. साहित्यसमीक्षेने आणि संगीतसमीक्षेने हा विषय कलाबाह्य मानून बाजूस ठेवला आहे. हेतू थोर असल्यामुळे टीका करणे असभ्यपणाचे वाटते, आणि हेतू कलेबाहेरचा असल्यामुळे स्तुती करणे अशास्त्रीय वाटते. अशा दुहेरी संकोचामुळे हा प्रकार अपरीक्षित राहिला आहे.

साहाय्यगान हा स्वतंत्र प्रयोगप्रकार आहे, त्याला स्वतःचा असा एक कलाप्रश्न आहे आणि तो प्रश्न ज्या रीतीने सोडविला जातो त्यावरून त्याचे गुणदोष ठरविता येतात, असे येथे दाखवावयाचे आहे. तो प्रश्न थोडक्यात असा : रसास्वादासाठी जे विघ्न मानले गेले आहे, तेच साहाय्यगानाला आवश्यक असते. हे विघ्न कोठे आणि कसे आणावे, यात त्याचे सारे कौशल्य आहे.

२

करुण रसाचा आस्वाद सुखकर कसा, हा संस्कृत साहित्यशास्त्रातील जुना वाद विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त सहृदयांच्या अनुभवाचा हवाला दिला. करुणातून दुःखच होत असते, तर त्याकडे कोणी वळलेच नसते, हा त्याचा युक्तिवाद. 'नाट्यदर्पण'कार रामचंद्र-गुणचंद्र यांनी मात्र रस सुखदुःखात्मक असतो, असे म्हणून करुणाला दुःखाच्या बाजूस ठेवले. मराठीत के. ना. वाटवे यांच्या 'रसविमर्शा'पासून (१९४२) ग. त्र्यं. देशपांडे यांच्या 'भारतीय साहित्यशास्त्रा'पर्यंत (१९५८) या वादाची पुष्कळ चिकित्सा झाली आहे. येथे त्यातील एकाच मुद्द्याशी आपल्याला कर्तव्य आहे.

भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांच्या मते लौकिक शोक आणि करुण रस यांत फरक पडतो तो साधारणीकरणामुळे. रंगमंचावरचा शोक अमक्याचा, तमक्या गावचा, तमक्या दिवसाचा राहत नाही. तो व्यक्तिसंबंधातून मोकळा होतो, आणि म्हणूनच आस्वाद्य होतो. अभिनवगुप्ताने रसाची जी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांत विशिष्ट देशकालाचा आवेश हे एक आहे. हे दुःख माझे आहे किंवा हे दुःख परक्याचे आहे, या निश्चयाने प्रेक्षक जखडला की रस भंगतो. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने विवश झालेला असणे, हे आणखी एक विघ्न.

आता साहाय्यगानाची निकड पाहावी. येथे शोक सर्वसामान्य होऊन चालत नाही. पूर कोणत्या नदीला आला, घरे कोणत्या गावची गेली, धान्य कोठे पोहोचवावयाचे आहे, हे कळल्यावाचून खिशात हात जात नाही. ज्याला केवळ 'मानवाचे दुःख' जाणवले, तो श्रोता हळहळतो, तृप्त होतो आणि घरी जातो. करुण रस जितका निर्मळ, तितका तो कृतीपासून दूर. साधारणीकरण पूर्ण झाले की दाता नाहीसा होतो, आणि ते मुळीच झाले नाही तर श्रोता नाहीसा होतो, असा हा पेच आहे.

या पेचातून वाट काढण्यास न. चिं. केळकर यांची एक जुनी कल्पना साहाय्यभूत होते. १९२१ च्या बडोदे येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी 'सविकल्प समाधी'ची उपपत्ती मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी समरस होतो, पण स्वतःचे स्वत्व विसरत नाही. एकाच वेळी तो स्वतःही असतो आणि दुसराही असतो, आणि त्या द्वैताचाच आनंद त्याला होतो, असा तिचा आशय. वाङ्मयानंदाची सर्वसाधारण मीमांसा म्हणून या उपपत्तीवर अनेक आक्षेप घेण्यात आले आहेत. तथापि साहाय्यगानाच्या श्रोत्याचे वर्णन म्हणून ती जितकी चपखल बसते, तितकी दुसरी कोणतीही बसत नाही. पुरात वाहून गेलेल्याशी समरस झालेला, तरीही आपले घर आणि आपली थैली कोरडी आहे हे न विसरलेला, असाच श्रोता देऊ शकतो. साहाय्यगानाची कसोटी अशी मांडता येईल : ते श्रोत्याला या सविकल्प अवस्थेपर्यंत नेते काय, आणि नेल्यावर त्या अवस्थेला काही काम देते काय?

ही कसोटी तीन भिन्न प्रसंगांना लावून पाहू. पहिला प्रसंग आपत्तीचा नाही, परंतु पैसा उभारण्याची जी पद्धती पुढे आपत्तींच्या वेळी रूढ झाली, तिचा तो मराठीतील सर्वांत गाजलेला नमुना आहे, म्हणून आरंभी घेतला आहे.

३

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमाना'चा प्रयोग झाला. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी गायकनट टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर आले. बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव धैर्यधर. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात केशवरावांचे अकाली निधन झाल्यामुळे या प्रयोगाला दंतकथेचे तेज चढले. तिकिटांचे चढे दर आणि तरीही लोटलेली गर्दी यांची वर्णने मराठी रंगभूमीच्या इतिहासात ठायी ठायी येतात.

समीक्षकाच्या दृष्टीने या प्रयोगात लक्षणीय गोष्ट ही की, खाडिलकरांच्या नाटकात, किंवा गोविंदराव टेंब्यांच्या चालींत, फंडाशी संबद्ध असे काहीही नव्हते. १९११ साली जे नाटक धंद्यासाठी रंगभूमीवर आले, तेच दहा वर्षांनी निधीसाठी झाले. पद बदलले नाही, तान बदलली नाही. बदलला तो फक्त तिकिटाच्या पैशाचा मार्ग. अर्थात येथे रसविघ्नाचा प्रश्नच उद्भवत नाही. श्रोता पैसे देतो तो दाराशी, गाणे सुरू होण्यापूर्वी. पुढचे काही तास तो निर्वेध रसिक असतो. दान आणि आस्वाद यांच्यामध्ये थिएटरचा दरवाजा उभा आहे.

या पद्धतीचे गुण नाकारता येत नाहीत. कलेला आपल्या स्वभावाविरुद्ध काही करावे लागत नाही. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात कलाकृतीतील संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या नियमांवर जो भर दिला, तो मान्य केल्यास शुद्ध संगीत कोणाकडे काही मागू शकत नाही, हे उघड आहे. यमन पूरग्रस्ताचे नाव घेऊ शकत नाही. नाव घ्यावयाचे ते निवेदकाने किंवा जाहिरातीने. शिवाय या पद्धतीत पीडिताची अप्रतिष्ठा होत नाही. त्याचे भुकेले अंग कोणी रंगमंचावर आणीत नाही. घेणारा आणि देणारा परस्परांसमोर येत नाहीत, यात एक प्रकारची सभ्यता आहे.

पण दोषही याच गुणांतून निघतो. भावना जागी होण्यापूर्वीच दान होऊन गेलेले असल्यामुळे पुढे जागी झालेली भावना निरुद्योगी राहते. श्रोत्याने तिकीट घेतले ते बालगंधर्वांसाठी की फंडासाठी, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. १९२१ मध्ये यामुळे बिघडले नाही, कारण स्वराज्याचे कार्य त्या प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाचे स्वतःचे होते. विशिष्ट देशकालाचा आवेश बाहेर रस्त्यावरच होता, तो गाण्यातून आणण्याची गरज नव्हती. हीच पद्धती जेव्हा दूरच्या भूकंपाला किंवा पुराला लावली जाते, तेव्हा तो आवेश कोठूनच येत नाही. आपद्ग्रस्त हा मैफलीचे निमित्त होऊन बसतो. रक्कम जमते, परंतु ज्याच्यासाठी ती जमली त्याचे नाव दुसऱ्या दिवशी श्रोत्याला आठवत नाही.

४

दुसरा प्रसंग बंगालच्या दुष्काळाचा. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी मिदनापूरच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आले, भातशेती बुडाली; आणि पुढील वर्षी सबंध प्रांतात दुष्काळ पसरला. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा अंदाज १५ लाख केला. नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या आसपास, काहींनी त्याहूनही पुढे नेला. या संहाराला निसर्गाची आपत्ती म्हणावे काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की, धान्याच्या तुटीपेक्षा धान्य मिळविण्याची शक्ती हरपल्यामुळे माणसे मेली. वादळ निसर्गाचे होते. उपासमारीत युद्धकालीन धोरण, साठेबाजी आणि भाववाढ यांचा वाटा होता.

१९४३ च्या मे महिन्यात मुंबईत भारतीय जननाट्य संघाची, म्हणजे 'इप्टा'ची, स्थापना झाली. बिनय रॉय यांच्या नेतृत्वाखाली बंगालमधील कलावंतांचे एक पथक दुष्काळपीडितांसाठी गात, नाचत प्रांतोप्रांती फिरले. वामिक जौनपुरी यांचे 'भूका है बंगाल' हे गीत या मोहिमेमुळे सर्वतोमुखी झाले. मराठीत अण्णाभाऊ साठे यांनी या दुष्काळावर 'बंगालची हाक' हा पोवाडा रचिला. १९४४ साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले आणि गिरणगावातील कामगारवस्ती ही त्याची मुख्य श्रोतृसभा झाली.

येथे दानाचा आणि गाण्याचा क्रम उलटतो. तिकीट दाराशी राहते, किंवा नसतेच. झोळी फिरते ती गाणे चालू असताना किंवा संपताक्षणी, म्हणजे नाव अजून कानात असताना. याच सुमारास पृथ्वीराज कपूर पृथ्वी थिएटर्सच्या प्रयोगानंतर स्वतः दाराशी झोळी पसरून उभे राहत, हे सर्वश्रुत आहे. प्रेक्षकाला नाटकाच्या जगातून आपल्या जगात उतरताना त्या झोळीवरूनच पुढे जावे लागे. रसभंगाची जागा इतकी नेमकी हेरल्याचे उदाहरण विरळा.

पोवाड्याच्या बाबतीत हा रसभंग रचनेतच अंतर्भूत आहे. गीत आणि निवेदन यांची आलटून पालटून योजना, डफ आणि तुणतुणे, मागून उचल देणारे झीलकरी, आणि मध्येच थांबून श्रोत्यांशी बोलणारा शाहीर : हे या प्रकाराचे स्वरूप प्रथमपासून वार्ता सांगण्याचे आहे. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहाचे शीर्षकच इतिहासप्रसिद्ध स्त्रीपुरुषांच्या पोवाड्यांचा निर्देश करते, हे अन्वर्थक आहे. पोवाड्याला स्थळ, काळ आणि नाव लागते. अभिनवगुप्ताच्या दृष्टीने जे विघ्न, ते शाहिराचे भांडवल. तो क्षणभर श्रोत्याला तालात गुंतवितो आणि लगेच निवेदनात आणून सोडतो. समाधी लागते, पण सविकल्प. म्हणूनच साहाय्यगानाला हा प्रकार स्वभावतः अनुकूल आहे.

अण्णाभाऊंच्या पोवाड्याचे नुसते शीर्षक घेतले तरी पुष्कळ कळते. 'बंगालसाठी' असे त्यांनी म्हटले नाही. षष्ठी विभक्ती योजून त्यांनी बंगालला कर्तेपण दिले. मागणारा शाहीर नाही, मागणारा बंगाल आहे. शाहीर तेवढी ती हाक पुढे पोहोचवितो. दुसरे असे की, 'हाक' हा शब्द याचनेचा नाही. याचना वरच्या पायरीकडे पाहून होते, हाक समपातळीवरून येते. हाक ज्याला मारावयाची तो हाकेच्या अंतरावर असावा लागतो, आणि आपल्या बोलीत हाकेला 'ओ' द्यावयाची असते, भीक घालावयाची नसते. गिरणगावच्या श्रोत्याला हा भेद समजावून सांगावा लागला नसावा. १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले होते. धान्यासाठी रांगेत उभे राहणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होते. अर्धपोटी माणसाला उपाशी माणसाने घातलेली ती साद होती. येथे दया निर्माण करण्याचे प्रयोजन नाही, नाते ओळखविण्याचे आहे. काळ्या बाजारावर अण्णाभाऊंचा स्वतंत्र पोवाडा आहे. हे ध्यानी घेतले म्हणजे दोन्ही रचना एकमेकींना पूरक ठरतात. एकीत हाक आहे, दुसरीत त्या हाकेमागच्या कारणाचा एक भाग आहे.

या पद्धतीतील धोका मात्र झाकू नये. पीडिताला रंगमंचावर आणले की त्याचे दुःख प्रेक्षणीय होते. भुकेने वाकलेल्या देहाचा अभिनय एकदा हृदय हेलावतो. शंभर प्रयोगांनंतर ती एक मुद्रा होते. झोळी भरण्याचे सामर्थ्य ज्या मुद्रेत अधिक, तीच पुनःपुन्हा वापरली जाते, आणि दुष्काळग्रस्त म्हणजे ती मुद्रा असे समीकरण रूढ होते. ज्याची भूक त्या साच्यात बसत नाही, त्याच्याकडे मग झोळीही पाहत नाही. म्हणून झोळीची पद्धती सर्वस्वी निर्दोष आणि तिकिटाची सर्वस्वी सदोष, असा निवाडा करता येणार नाही.

५

तिसरा प्रसंग परदेशातील असला तरी त्याचा एक धागा मुंबईतूनच निघतो. बंगालच्या पथकाच्या प्रभावाने इप्टाने अंधेरीस मध्यवर्ती कलापथक उभारले, आणि तरुण रविशंकर तेथे संगीतकार म्हणून दाखल झाले. बंगालच्या दुष्काळावर आधारलेल्या ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'धरती के लाल' (१९४६) या चित्रपटाला संगीत त्यांचेच. म्हणजे दुष्काळासाठी कला कशी उभी राहते, हे त्यांनी विशी-पंचविशीत जवळून पाहिले होते.

१२ नोव्हेंबर १९७० रोजी पूर्व बंगालच्या किनाऱ्यावर भोला चक्रीवादळ आले. किमान तीन लाख माणसे त्यात गेली. पुढील मार्चमध्ये तेथे लष्करी दमन सुरू झाले आणि लक्षावधी निर्वासितांचे लोंढे भारतात आले. रविशंकरांनी आपले शिष्य व मित्र जॉर्ज हॅरिसन यांच्याकडे ही गोष्ट नेली आणि १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगला देशासाठी दोन कार्यक्रम झाले. सुमारे ४० हजार श्रोते आले. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे देण्यात आले. पद्धती तिकिटाची, पण कार्यक्रमाच्या नावातच देशाचे नाव. ते नाव तोवर जगाच्या नकाशावर मान्य झालेले नव्हते. मैफलीचे सौष्ठव आणि हाकेची निकड यांची सांगड घालण्याचा हा प्रयत्न होता.

आरंभी रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखाँ आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती बसले. वाद्ये जुळविली गेली आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. जुळवणीच एवढी आवडली असेल तर वादन अधिक आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचे उद्गार रविशंकरांनी मिश्किलपणे काढले. हा किस्सा आजवर पाश्चात्त्य श्रोत्यांच्या अज्ञानाचा विनोद म्हणून सांगितला जातो. माझ्या मते त्यात अज्ञानापेक्षा अधिक काही आहे. अपरिचित संगीतापुढे बसलेला सामान्य श्रोता गप्प राहतो, चुळबुळतो किंवा कंटाळतो. तो टाळ्या वाजवीत नाही. या श्रोत्यांनी वाजविल्या, कारण ते सद्भावना घेऊन आले होते. आपण एका चांगल्या कार्यात आहोत, या जाणिवेने कानांचे काम आधीच उरकले होते. साहाय्यगानातील हे सूक्ष्म विघ्न अभिनवगुप्ताच्या सातांत नाही : श्रोत्याचे स्वतःच्या चांगुलपणावर खूष होणे. दुःखी माणसाकडे पाहण्याऐवजी तो दुःखी माणसाकडे पाहणाऱ्या स्वतःकडे पाहू लागतो. अशा वेळी सूर जुळले काय आणि न जुळले काय, टाळी ठरलेली असते.

रविशंकरांच्या उद्गाराचे मोल येथे आहे. निधीसाठी जमलेल्या सभेत, निधीचा हेतू जराही न दुखविता, त्यांनी श्रोत्यांना पुन्हा श्रोते केले. आधी ऐका, एवढेच त्यांनी सुचविले. नीट ऐकणे ही देण्याची पहिली पायरी आहे. जो सूर आणि जुळवणी यांत भेद करू शकत नाही, तो एका गावाच्या पुरात आणि दुसऱ्या गावाच्या पुरात भेद करू शकेल, अशी अपेक्षा ठेवणे कठीण.

या कार्यक्रमाची दुसरी बाजू हिशेबाची. तिकिटांचे पैसे लवकर पोहोचले. पण ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांपासून मिळालेली फार मोठी रक्कम अमेरिकेच्या करखात्याच्या चौकशीत वर्षानुवर्षे अडकून पडली, कारण धर्मादाय निधी म्हणून आवश्यक ती तजवीज आगाऊ झाली नव्हती. निर्वासित त्या वर्षी भुकेले होते. रकमेचा मोठा भाग त्यांच्या भुकेनंतर मोकळा झाला. हे व्यवस्थेचे अपयश आहे, कलेचे त्यात काय, असे कोणी म्हणेल. वस्तुतः साहाय्यगानात हा भेद टिकत नाही. नाटकाचा शेवट पडद्याने होतो, मैफलीचा भैरवीने. साहाय्यगानाचा शेवट पावतीने होतो. रक्कम पोहोचल्याचा निरोप श्रोत्याला मिळत नाही, तोवर हाकेला दिलेली 'ओ' हवेतच असते. कोणते गाणे शेवटी घ्यावे याचा जितका विचार होतो, तितकाच रक्कम कोणाच्या हाती, किती दिवसांत, कोणत्या मार्गाने जाणार याचा विचार हा या प्रकाराच्या रचनेचाच भाग मानला पाहिजे.

६

तीन प्रसंगांतून जे हाती लागले ते असे. तिकिटाची मैफल कलेला आणि पीडिताच्या प्रतिष्ठेला जपते, पण पीडिताला विसरविते. झोळीचा पोवाडा त्याला नावानिशी समोर आणतो, पण त्याची मुद्रा बनविण्याचा मोह त्याला होतो. या दोहोंची सांगड घालू पाहणाऱ्या भव्य सोहळ्यात श्रोता स्वतःच्याच प्रेमात पडण्याचे भय असते. रसविघ्न तिन्हींकडे आहे. पहिल्याने ते टाळले, दुसऱ्याने ते योग्य जागी आणले, तिसऱ्यात ते चुकीच्या जागी येऊन बसले आणि एका कलावंताच्या प्रसंगावधानाने क्षणभर दूर झाले.

आता वटारकडे वळू. बंगाल हे मोठे नाव आहे. ते उच्चारताच प्रांत उभा राहतो. वटार हे नाव उच्चारले असता तालुक्याबाहेरच्या श्रोत्यापुढे काही उभे राहत नाही. लहान गावांची खरी अडचण हीच. मोठ्या आपत्तीत त्यांचे नाव 'किनारपट्टी' या सामान्यनामात विरघळून जाते, म्हणजे मदतीच्या दृष्टीने त्यांचे साधारणीकरण होऊन जाते. मोठ्या शहरातील मैफल अशा गावासाठी रक्कम जमवू शकेल, पण त्याचे नाव जमवू शकणार नाही. त्याला हाकच हवी, आणि ती त्याच्या शेजाऱ्याच्या तोंडून हवी. भजनी मंडळे, चर्चमधील गायकवृंद, लग्नातील बँड, कोळ्यांची गाणी, पूर्वेकडील डोंगरपट्टीत वारल्यांचा तारपा : इतक्या प्रकारांनी गाणारा हा तालुका आहे. यांतील प्रत्येकाचा आवाज काही मैलांपलीकडे जात नाही, हे त्यांचे न्यून समजले जाते. साहाय्यगानाच्या दृष्टीने ते बळ आहे. जो गातो, त्याला कोणाची वाडी गेली हे माहीत असते. जो ऐकतो, तो उद्या तेथे जाऊन पाहू शकतो. देणारा, गाणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखतात तेथे खोटी मुद्रा टिकत नाही आणि पावतीची वाट पाहावी लागत नाही.

मे २०२१ मध्ये मात्र साथीमुळे लोकांनी एकत्र जमण्यासच बंदी होती. म्हणजे ज्या वेळी या पट्ट्याला शेजाऱ्याच्या आवाजाची गरज होती, नेमक्या त्याच वेळी शेजाऱ्यांना एकत्र येता येत नव्हते. त्या काळात मदतीची आवाहने प्रायः दूरध्वनीच्या पडद्यावरून झाली. रक्कम पाठविणे पूर्वी कधी नव्हते इतके सोपे झाले होते. पण पडद्यावर येणारे प्रत्येक आवाहन पुढच्या आवाहनाने पुसले जाते. त्याला हाकेचे अंतर नसते. झोळी समोर असते तेव्हा नकार द्यावयालाही मान हलवावी लागते. पडद्यावर नुसते बोट पुरते. जमावाच्या अभावी काय हरपले, ते यावरून कळून येईल. पैशाचा ओघ जमावाशिवायही चालू राहतो. हाकेला मात्र जमाव लागतो, कारण आपण ऐकले आहे हे शेजारच्याने पाहिले आहे, या जाणिवेनेच 'ओ' देणे बंधनकारक होते.

साहाय्यगानाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून रकमेच्या आकड्यापाशी थांबू नये, आणि त्याला बगलही देऊ नये. गाणे कोणाच्या तोंडी आहे, नाव केव्हा घेतले गेले, पैसा नावाच्या आधी आला की नंतर, आणि पोहोचल्याचा निरोप कोणी आणला, हे प्रश्न त्याने विचारावेत. रसचर्चेने ज्याला विघ्न म्हणून हद्दपार केले, ते स्थळाचे आणि काळाचे नाव येथे गाण्याचे केंद्र होऊन बसते. एखाद्या दिवशी पुन्हा वारा सुटेल आणि केळी आडव्या होतील. त्या वेळी वटार हे नाव ज्या गाण्यात स्पष्ट ऐकू येईल, आणि ज्याच्या अखेरीस कोणी तरी पावती वाचून दाखवील, ते गाणे या प्रकारातील उत्तम गाणे समजावे, मग त्याचा सूर थोडा उतरलेला असला तरी.